कादंबरी कुणाच्या हाती द्यायची?

“आमच्या मुलाला वर्गात फार चिडवतात हो. त्याला धीर येईल असं एखादं पुस्तक सुचवा ना.”

पालक हा प्रश्न शिक्षकांना विचारतात, ग्रंथपालांना विचारतात, पुस्तक प्रदर्शनात टेबलामागे बसलेल्या माणसालाही विचारतात. प्रश्न कळकळीचा असतो. पण पुस्तकाची गरज ज्याला चिडवतात त्यालाच आहे, असं त्यात धरून चाललेलं असतं. वर्गात चाळीस मुलं असली तर एकाला चिडवलं जातं, दोघंतिघं चिडवतात आणि उरलेली छत्तीस-सदतीस मुलं एक तर हसतात, नाही तर खाली मान घालून बसतात. त्या एका मुलानं कितीही चांगली कादंबरी वाचली, तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच वर्गात जाऊन बसणार. म्हणून या प्रकरणात पुस्तकांची नावं येतीलच, पण त्याआधी ती कुणाला आणि का द्यायची हे पाहू.

हे लिहिताना समोर जालना जिल्हा आहे. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा झाला. आठ तालुके, आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांवर वस्ती. इथल्या एका वर्गात मोसंबीच्या बागाइतदाराचा मुलगा असतो, पोलाद कारखान्यात काम करायला परप्रांतातून आलेल्या कामगाराची मुलगी असते, घरी दखनी बोलणारा मुलगा असतो, आणि आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणारं पोर असतं. जात, भाषा, धंदा, पैसा असे वेगळेपणाचे सगळे धागे एकाच बाकावर येऊन बसतात. चिडवायला निमित्त शोधावं लागत नाही.

१. चेष्टा कुठे संपते?

आधी एक फरक समजून घेऊ. मुलं एकमेकांना नावं ठेवतातच, आणि सगळीच नावं जिव्हारी लागत नाहीत.

शाळेतल्या दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केला. ते जन्मानं स्वीडिश, त्यांचं पुढचं काम नॉर्वेतलं. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो. तो पुन्हा पुन्हा होतो. आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं, म्हणजे ज्याला त्रास होतो त्याला उलट उत्तर देणं सोपं नसतं. हे बळ अंगातलंच असतं असं नाही. चिडवणाऱ्यांची संख्या, घरचा पैसा, जात, भाषा यांतूनही ते येतं.

समजा, बदनापूरच्या शाळेत दोन मित्र एकमेकांना ‘जाड्या’ आणि ‘काडी’ म्हणतात. दोघंही म्हणतात, दोघंही हसतात, मधल्या सुट्टीत एकाच डब्यात जेवतात. ही चेष्टा. आता समजा, परतूरच्या एका वर्गातल्या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला साखर कारखान्याच्या भागात गेले आहेत आणि ती वसतिगृहातून शाळेत येते. तिच्या कपड्यांवरून, केसांवरून चौघीजणी रोज काहीतरी बोलतात. ती गप्प बसते. तक्रार कुणाकडे करणार? घरी आई नाही. इथे तिन्ही खुणा आहेत.

‘पुन्हा पुन्हा’ ही खूण आपल्या विषयात फार महत्त्वाची आहे. बोधकथा दोन पानांत संपते. वाईट मुलगा एकदा वाईट वागतो, त्याला एकदा शिक्षा होते, तो सुधारतो. वर्गातलं चिडवणं मात्र जूनमध्ये सुरू होऊन मार्चपर्यंत चालतं. सकाळी उठल्यावर पोटात दुखायला लागणं, शाळेच्या फाटकाशी पाय अडखळणं, रोज तोच आवाज कानावर येणं, हे सांगायला लांबी लागते. ती कादंबरीकडे असते. म्हणून अशा विषयावर मुलांना गोष्टीपेक्षा कादंबरी द्यावी, असं माझं मत आहे.

२. आरसा आणि खिडकी

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांबद्दल एक साधी कल्पना मांडली. काही पुस्तकं वाचणाऱ्याला आरशासारखी असतात, त्यांत त्याला स्वतःचं घर, स्वतःची माणसं दिसतात. काही खिडकीसारखी असतात, त्यांतून दुसऱ्याचं जग दिसतं. बिशप यांचं म्हणणं असं की, कृष्णवर्णीय मुलांना आरसे मिळत नाहीत, आणि गोऱ्या मुलांना सगळीकडे आरसेच मिळतात, खिडक्या मिळत नाहीत. यात दोघांचंही नुकसान आहे.

मराठी मुलांच्या पुस्तकांना ही कल्पना लावून पाहा. बरीच वर्षं आपल्या बालसाहित्यातला नायक पुण्या-मुंबईच्या वाड्यात किंवा चाळीत राहत होता. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या मुलाला तो खिडकीतूनच दिसायचा. स्वतःचं गाव, स्वतःची बोली छापलेली दिसणं हाच त्याच्यासाठी मोठा अनुभव असतो.

पण इथे एक धोका आहे. ज्याला जातीवरून चिडवतात त्याला नेमकी जातीवरून चिडवलेल्या मुलाची कादंबरी द्यायची, जो अडखळत बोलतो त्याला अडखळणाऱ्याची द्यायची, हे पालकांना फार स्वाभाविक वाटतं. मूल मात्र त्यातून एवढंच समजतं की, मोठ्यांनाही माझ्यात पहिल्यांदा तेच दिसलं. अशी पुस्तकं त्याच्या हाती पडू नयेत असं मी म्हणत नाही. ती त्याला कपाटातून स्वतः निवडता यावीत. जवळ बोलावून, डोक्यावरून हात फिरवून एकट्याला देऊ नयेत. तेच पुस्तक सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं की त्याच्यासाठी तो आरसा होतो, बाकीच्यांसाठी खिडकी होते, आणि बोट कुणाकडेच दाखवलं जात नाही.

३. सगळ्यांत आधी तोत्तोचान

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालं. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं छापलं. या खरं तर लेखिकेच्या शाळेच्या आठवणी आहेत, पण मुलं त्या कादंबरीसारख्याच वाचतात. प्रकरणं दोन-तीन पानांची असल्यामुळे चौथीच्या पुढच्या कोणत्याही वर्गाला रोज एक वाचून दाखवता येतं.

पहिलीतली तोत्तोचान वर्गात सारखी डेस्कचं झाकण उघडते-मिटते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना बोलावते. शाळा तिला काढून टाकते. आपल्याला काढलं होतं हे तिच्या आईनं ती वीस वर्षांची होईपर्यंत तिला कळू दिलं नाही. नव्या शाळेचं नाव तोमोए. तिथे रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी पहिल्या दिवशी तिच्यासमोर बसून तब्बल चार तास तिचं बोलणं ऐकतात.

आपल्या विषयासाठी यातले तीन प्रसंग फार मोलाचे आहेत. ताकाहाशी नावाच्या मुलाची वाढ खुंटलेली असते. क्रीडादिनाचे खेळ कोबायाशी असे आखतात की, छोट्या अंगाच्या मुलाला त्यांत फायदा व्हावा, आणि ताकाहाशी सगळीकडे पहिला येतो. दुसऱ्या एका प्रसंगात वर्गशिक्षिका शेपटीबद्दल शिकवताना ताकाहाशीला सहज गमतीनं विचारतात, तुला अजून शेपूट आहे का? वर्गात ती गोष्ट तिथेच संपते. नंतर तोत्तोचानच्या कानावर पडतं की, मुख्याध्यापक स्वयंपाकघरात त्या शिक्षिकेला किती रागावून बोलताहेत. या प्रसंगापाशी शिक्षकांनी जरूर थांबावं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याचं कलम १७ मुलांना मारायला बंदी करतं आणि मानसिक छळालाही बंदी करतं. वर्गाला हसवण्यासाठी एका मुलावर केलेला विनोद मुलांना परवाना देतो, कारण सरांनीच सुरुवात केलेली असते.

तिसरा प्रसंग मासाओ या कोरियन मुलाचा. तोत्तोचान दिसली की तो तिच्यावर ‘कोरियन!’ असं तिरस्कारानं ओरडतो. ती तर जपानी. ती घरी येऊन आईला सांगते, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या काळी कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि कोरियन माणसांना हिणवलं जाई. मासाओला हा शब्द इतक्यांदा ऐकवला गेला होता की, ती शिवी आहे असंच तो समजत होता आणि तीच त्यानं दुसऱ्यावर उचलली. चिडवणारं मूल कुठून येतं याचं इतक्या थोडक्यात सांगितलेलं उत्तर मी दुसऱ्या पुस्तकात वाचलेलं नाही. वर्गाला इथे एकच विचारावं: हा शब्द वाईट आहे हे मासाओला कुणी शिकवलं? मुलं बरोबर उत्तर देतात, आणि मग त्यांना आपापल्या गावातले शब्द आठवतात.

४. पूर्वग्रह मोठ्यांकडून येतो

एखाद्या माणसाला न ओळखताच, तो अमुक लोकांपैकी आहे म्हणून त्याच्याबद्दल मत बनवणं म्हणजे पूर्वग्रह. चिडवणं एका मुलाचं असू शकतं, पूर्वग्रह आख्ख्या गावाचा असतो. मूल तो जेवताना, पाणी पिताना, कुणाच्या घरी जायचं नाही हे ऐकताना शिकतं.

‘श्यामची आई’ अजूनही बहुतेक घरांत आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती फक्त रडवणारं पुस्तक म्हणून दिली जाते, हा तिच्यावर अन्याय आहे. मुलांना ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र, म्हणजे ते प्रकरण, वाचायला द्या. एका म्हाताऱ्या महारणीची लाकडाची मोळी खाली पडलेली आहे आणि शिवाशिवीमुळे कुणी हात लावत नाही. श्यामची आई मुलाला मोळी उचलू लागायला पाठवते. आई त्या काळाच्या चौकटीतलीच आहे, पण लोक काय म्हणतील याच्यापुढे ती एक पाऊल टाकते. याच गुरुजींनी पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हेही मुलांना सांगावं.

या गोष्टीची एक मर्यादाही ओळखली पाहिजे. ती मदत करणाऱ्याच्या बाजूनं सांगितलेली आहे. त्या म्हातारीला काय वाटलं ते आपल्याला तिच्या तोंडून कळत नाही. म्हणून तिच्या जोडीला, नववी-दहावीच्या वयात, दुसऱ्या बाजूनं लिहिलेलं पुस्तक हवंच. मराठवाड्यातल्या मुलांसाठी मी प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ सुचवीन. ते १९७९ साली आलं. आईवडिलांचं छत्र हरपलेल्या एका दलित मुलाचं हे आत्मकथन. भाषा आपल्याकडची आहे, आणि लेखक कुठेही आवाज चढवत नाही.

बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ तर गोदाकाठचीच. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, आणि नदीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथल्या घाटावर दशक्रियेचे विधी चालतात आणि भान्या नावाचा पोरगा नदीत सोडलेल्या राखेतून नाणी चाळून काढतो. घरात खायला हवं असतं. या कादंबरीवरचा मराठी चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अंबड-घनसावंगीच्या मुलांनी हा घाट पाहिलेला असतो. त्यांना भान्या परका वाटणार नाही. मृत्यू आणि पैसा हे दोन्ही विषय यात उघडपणे येतात, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या आधी नको.

सहावी-सातवीसाठी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) आहे. हे चरित्र आहे, कादंबरी नव्हे, पण मुलं तो फरक करत बसत नाहीत. गुलामीत जन्मलेल्या जॉर्ज कार्व्हरला रंगामुळे कॉलेजच्या दारातून परत पाठवलं जातं आणि पुढे तो शेतीचा मोठा संशोधक होतो. ते देताना एक काळजी घ्यावी. ‘बघ, तो किती मोठा झाला’ असं म्हणू नये. ज्याला आज त्रास होतोय त्याला आधी मोठं होऊन दाखवायची अट घालणं बरोबर नाही. कार्व्हर शास्त्रज्ञ झाला नसता तरी त्याला दारातून परत पाठवणं चूकच होतं.

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी आर. जे. पॅलासिओ यांची ‘वंडर’ (२०१२) आहे. जन्मतःच वेगळा चेहरा असलेला ऑगस्ट पहिल्यांदा शाळेत जातो. कादंबरीचे भाग वेगवेगळी मुलं सांगतात, त्याची बहीणही. एकच वर्ग किती डोळ्यांनी पाहता येतो, हे त्यातून समजतं.

५. मोठं होणं

मोठं होण्याच्या पुस्तकांत चिडवणं हा मुख्य विषय नसतो. इथे मुलाच्या आत काहीतरी बदलत असतं आणि त्याला त्यासाठी शब्द सापडत नसतात.

माझ्या मते मराठीत यासाठी ‘पाडस’सारखं दुसरं पुस्तक नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही अमेरिकन कादंबरी १९३८ ची, राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी उतरवली की अनुवाद वाचतोय हे विसरायला होतं. जंगलात राहणारा ज्योडी हरणाचं पाडस पाळतो. पाडस वाढतं आणि शेतातलं पीक खायला लागतं. घराचं वर्षभराचं अन्न त्या पिकावर आहे. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरातल्या मुलाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. कुणी दुष्ट नाही, सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे, आणि तरीही सुटका नाही. शेवट फार दुखावतो. वाचून झाल्यावर मूल दोन दिवस गप्प राहिलं तर त्याला राहू द्यावं.

प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन बेळगावच्या बाजूचा, आजी-आजोबांकडे वाढणारा. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांना तो फार जवळचा वाटतो. त्याच्या पुस्तकांत कथा आहेत, त्यामुळे कुठूनही सुरुवात करता येते. शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ मुलींपुरती ठेवू नये. मोठ्या बहिणीला श्रीमंतांच्या मेजवानीत आपल्या कपड्यांची लाज वाटते, तो भाग मुलग्यांनीही वाचावा. आनंद यादवांची ‘झोंबी’ शिकण्यासाठी बापाशी आणि गरिबीशी झगडणाऱ्या पोराची, दहावीच्या सुमाराला द्यावी. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची. त्या वयातलं आकर्षण त्यात मोकळेपणानं येतं, म्हणून पालक ती लपवतात. माझा अनुभव असा की, मुलं ती तरीही मिळवून वाचतात. मग सरळ दिलेली बरी.

६. ज्याला वाचायचंच नाही त्याचं काय?

मार खाल्लेल्या मनाला लगेच दुःखाची कादंबरी पेलत नाही, आणि ज्यानं पाठ्यपुस्तकाबाहेर काही वाचलेलं नाही त्याला ‘पाडस’ची जाडीच घाबरवते. अशा मुलाला आधी रहस्य द्या, साहस द्या. भारत सासणे मूळचे जालन्याचे, १९५१ साली इथेच जन्मले. उदगीरला २०२२ मध्ये झालेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकाला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसानं हे लिहिलंय, एवढं सांगितलं तरी मुलं पुस्तक उघडून बघतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा अंगबळावर जिंकत नाही, ही गोष्ट काटकुळ्या मुलांच्या बरोबर लक्षात येते.

७. पुस्तक मिळवणं आणि त्यावर बोलणं

तालुक्याच्या दुकानात मार्गदर्शिका आणि प्रश्नसंच सहज मिळतात, कादंबऱ्या मागवाव्या लागतात. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं लिहिलेलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारावं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अनेक गावांत शासनमान्य वाचनालयं आहेत. तिथे पुस्तकांची मागणी लेखी नोंदवता येते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, मोबाइल असलेल्या घराला तेवढं पुरतं.

वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हे विचारू नका. तो परीक्षेचा प्रश्न आहे, आणि मुलं त्याचं परीक्षेतलंच उत्तर देतात. त्याऐवजी पुस्तकातल्या बघ्यांबद्दल विचारा. हे चाललं होतं तेव्हा तिथे आणखी कोण होतं? त्याला काही करता आलं असतं का? त्यानं केलं नाही ते कशाच्या भीतीनं? या प्रश्नांना चुकीचं उत्तर नसतं, आणि छत्तीस मुलांपैकी प्रत्येकाला ते स्वतःबद्दल वाटतात.

त्रास वाढला असेल, मूल शाळेत जायला तयार नसेल, अंगावर वळ दिसत असतील, तर कादंबरीवर थांबू नका. मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, आणि तो मूल स्वतःही करू शकतं.

आणि एकाच पुस्तकाचे पैसे असतील तर ‘तोत्तोचान’ घ्या. ते घरी ठेवू नका. मुलाच्या वर्गशिक्षकांना द्या आणि शेवटच्या तासाला रोज एक प्रकरण सगळ्या वर्गाला वाचून दाखवायची विनंती करा.